बाळाची पहिली शिदोरी : जन्माची वाट आणि आतड्यातले जिवाणू



आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या मनात आलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने तान्ह्या बाळाच्या शीवर व्याख्यान द्यायचं काय कारण? (हशा) शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते कागदावरचे. आमच्या औषधाने कुणाचा ताप उतरल्याचं अजून ऐकिवात नाही. तेव्हा इथे उपचार सांगायला आम्ही आलेलो नाही. आम्हाला जे थोडंफार येतं ते एवढंच, की एखादं विधान समोर आलं तर ते सोडवून बघायचं. त्यात नेमकं काय म्हटलंय, त्याला पुरावा किती, आणि 'अमुक्यामुळे तमुक झालं' असं म्हणताना 'मुळे' या दोन अक्षरांवर आपण किती भार टाकतोय, हे तपासायचं.

ते विधान असं. आजकाल मोबाइलवर फिरत असतं, आणि बाळंतिणीला भेटायला येणारी माणसंही ऐकवतात : 'सिझेरियनच्या बाळांना आईचे चांगले जिवाणू मिळत नाहीत, म्हणून ती पुढे आजारी पडतात.' पोटावरचे टाके अजून ओले आहेत, कूस बदलताना कळ येते आहे, आणि त्या अवस्थेत एखादी मुलगी हे वाचते. तिला काय वाटत असेल? जन्माच्या पहिल्याच दिवशी आपण लेकराला काहीतरी कमी दिलं, असं. म्हणून हे वाक्य खरं किती आणि खोटं किती हे बघणं हा काही आमचा पुस्तकी छंद नव्हे. त्या वाक्याने कुणाच्या तरी मनावर ओझं येतं आहे.

नीट पाहिलंत तर या एका वाक्यात तीन विधानं दडलेली आहेत. पहिलं : सिझेरियनने जन्मलेल्या बाळाच्या आतड्यातले जिवाणू वेगळे असतात. दुसरं : ते जन्माच्या वाटेमुळे वेगळे असतात. तिसरं : त्या वेगळेपणामुळे आजार होतात. ही तिन्ही एकाच दोरीला बांधून आपल्या हातात दिली जातात. आपण आज गाठ सोडू, आणि एकेक वेगळं बघू.

आधी थोडी पूर्वपीठिका

१८८५ साली जर्मनीत, म्युनिकमध्ये, थिओडोर एशरिख नावाचे बालवैद्य तान्ह्या बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्यात त्यांना जो दांडीच्या आकाराचा जिवाणू सापडला त्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं, तो 'एशरिखिया कोलाय'. वर्तमानपत्रात पाणी दूषित झाल्याची बातमी आली की 'ई. कोलाय' असं जे छापून येतं, तोच हा. पण बाळाच्या पोटात तो निसर्गक्रमाने येतो, बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आन्री तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक निराळाच जिवाणू दिसला. इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे त्याला दोन फाटे. आज त्याला आपण बायफिडोबॅक्टेरियम म्हणतो. तो आज पुन्हा भेटणार आहे, लक्षात ठेवा.

गर्भाशयात बाळ निर्जंतुक असतं आणि जिवाणूंशी त्याची गाठ जन्मताना पडते, ही समजूतही त्याच काळातली. २०१४ साली अमेरिकेतून एक निबंध आला, की नाही, वारेतसुद्धा जिवाणू असतात. वार म्हणजे बाळामागून पडते ती. मोठी खळबळ झाली. मग केंब्रिजच्या संशोधकांनी पाचशेहून अधिक स्त्रियांच्या वारा तपासल्या आणि २०१९ मध्ये सांगितलं, की निरोगी वारेत जिवाणूंची वस्ती नसते; जे दिसत होतं ते बव्हंशी प्रयोगशाळेतल्या द्रव्यांमधून आणि प्रसूतीच्या वेळी लागलेलं होतं. म्हणजे आजमितीला जुनी समजूतच बरीचशी टिकून आहे. बाळ येतं ते कोऱ्या आतड्याने, आणि काही तासांत तिथे वस्ती सुरू होते.

ही वस्ती केवढी, तर प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज आहे, आणि आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे 'मी' म्हणून इथे जो उभा आहे त्यात आमच्याइतकाच वाटा भाडेकरूंचा आहे. (हशा) आणि हे भाडेकरू फुकटे नाहीत. आपल्याला न पचणारं ते पचवतात, घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत, आणि आपल्या प्रतिकारशक्तीला शिकवतात, की कुणावर धावून जायचं आणि कुणाला शांतपणे राहू द्यायचं. ज्या उंदरांना प्रयोगशाळेत जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वाढवतात, त्यांच्या आतड्यातली प्रतिकारयंत्रणा अर्धीकच्ची राहते. तेव्हा सुरुवातीला कोण येतं याला महत्त्व आहे, हे मान्य करून आपण पुढे जाऊ.

पहिलं विधान : फरक असतो का?

याचं उत्तर सरळ आहे : हो, असतो.

२०१० साली मारिया ग्लोरिया दोमिंगेझ-बेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक छोटं संशोधन प्रसिद्ध झालं. स्थळ व्हेनेझुएलातलं पुएर्तो आयाकुचो. नऊ आया आणि दहा नवजात बाळं. योनिमार्गे जन्मलेल्या बाळांच्या अंगावर, तोंडात आणि पहिल्या शीत आईच्या योनिमार्गातल्यासारखे जिवाणू होते, लॅक्टोबॅसिलस वगैरे. सिझेरियनने जन्मलेल्यांवर होते ते त्वचेवर राहणारे. चित्र इतकं स्वच्छ होतं की ते जगभर पसरलं. पण बाळं दहाच होती, आणि तपासणी जन्मल्या जन्मल्याची होती, हे दोन तपशील पसरताना वाटेत गळून गेले.

मग २०१९ मध्ये ब्रिटनमधून मोठा अभ्यास आला. ५९६ बाळं, सगळी पूर्ण दिवसांची. बाळांच्या आणि काही आयांच्या शीचे मिळून १,६७९ नमुने. पहिल्या तीन आठवड्यांत वारंवार, आणि काहींचे पुन्हा काही महिन्यांनी. इथेही फरक ठळक दिसला. सिझेरियनच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइडिस नावाचा आतड्यातला महत्त्वाचा रहिवासी फार कमी किंवा नाहीच. उलट एन्टेरोकॉकस, क्लेब्सिएला यांसारखे, रुग्णालयांच्या वातावरणात नेहमी आढळणारे जिवाणू जास्त. हे एरवी गप्प राहतात, पण संधी मिळाली तर त्रास देऊ शकतात.

आणि याच अभ्यासातली दुसरी गोष्ट, जी मोबाइलवर कधी येत नाही : सहा ते नऊ महिन्यांची होईपर्यंत, म्हणजे वरचं अन्न सुरू होण्याच्या सुमाराला, हा फरक बराचसा मिटत गेला. बॅक्टेरॉइडिसची उणीव तेवढी काहींमध्ये रेंगाळली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एका अभ्यासात तर सहा आठवड्यांनीच प्रसूतीच्या प्रकारानुसार लक्षणीय फरक सापडला नाही. आतड्यातली वस्ती मोठ्या माणसासारखी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात, आणि त्या काळात ती सारखी बदलत असते. म्हणजे पहिलं विधान खरं आहे, पण त्याला मुदत आहे. मुदत न सांगता ते सांगणं म्हणजे पावसाळ्यातला फोटो दाखवून 'आमच्या गावात बारमाही नदी वाहते' म्हणण्यासारखं आहे.

दुसरं विधान : वाटेमुळे का?

आता आमच्या शास्त्रातलं एक गाढव मध्ये आणतो. (हशा) थट्टा नाही, न्यायशास्त्रात हे गाढव खरोखर आहे. कुंभाराने मडकं घडवलं. मडक्याचं कारण काय? माती, चाक, दांडा, कुंभार. पण माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली तेही मडक्याच्या आधी तिथे हजर होतं. मग गाढव हे मडक्याचं कारण म्हणायचं का? नैयायिक म्हणतात, नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं. जे आधी हजर असतं, पण ज्याच्यावाचून काम अडत नाही, त्याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. कारणाचा शोध म्हणजे मुख्यतः गाढवं बाजूला काढणं.

सिझेरियनच्या वेळी काय काय हजर असतं ते मोजा. बाळ योनिमार्गातून येत नाही, हे एक. आईला शस्त्रक्रियेआधी प्रतिजैविक देतात, जखम चिघळू नये म्हणून, आणि ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं, हे दोन. रुग्णालयातला मुक्काम लांबतो, हे तीन. आईला उठता-बसता येत नाही, म्हणून दूध पाजायला उशीर होतो, कधी मधल्या वेळात वरचं दूध दिलं जातं, हे चार. बाळ काही वेळा आईपासून दूर ठेवलं जातं, हे पाच. यात माती कुठली आणि गाढव कुठलं?

प्रतिजैविकाचंच घ्या. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात १२० बाळं होती, आणि तिथे सिझेरियनमध्ये आईला प्रतिजैविक दिलं गेलं ते नाळ बांधल्यानंतर. म्हणजे बाळापर्यंत थेंबही गेला नाही. तरीही जिवाणूंमधला फरक दिसलाच. एक गोष्ट काढून घेतली आणि परिणाम राहिला, म्हणजे सगळा दोष प्रतिजैविकाचा नाही. याला आपल्याकडे व्यतिरेकाने तपासणं म्हणतात. मात्र दुसरीकडे त्या ब्रिटनच्या अभ्यासात असंही दिसलं, की योनिमार्गे प्रसूती होऊनही आईला प्रतिजैविक मिळालं असेल, किंवा बाळाला सुरुवातीला अंगावरचं दूध मिळालं नसेल, तर तिथेही ते संधिसाधू जिवाणू वाढतात. म्हणजे प्रतिजैविक हे अगदी गाढव नाही. थोडी माती त्याचीही आहे.

आता खरी गंमत पुढे आहे. २०१० नंतर सगळ्यांचं लक्ष योनिमार्गातल्या जिवाणूंवर खिळलं. मग उपायही तसाच सुचला. शस्त्रक्रियेआधी आईच्या योनिमार्गात कापसाची घडी ठेवायची आणि जन्मल्यावर ती बाळाच्या तोंडाला, अंगाला फिरवायची. २०१६ मध्ये चार बाळांवर असा प्रयोग झाला, पुन्हा बातम्या झाल्या, आणि लोक डॉक्टरांकडे मागणी करू लागले. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेला २०१७ मध्ये जाहीर सांगावं लागलं, की संशोधनाबाहेर हे करू नका; आईला लक्षणं नसतानाही काही घातक जंतू या मार्गाने बाळाला जाऊ शकतात. पुढे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या चाचणीत, बाळाला आईच्या योनिमार्गातले जिवाणू तोंडावाटे देऊनही आतड्यातली वस्ती बदलली नाही. चीनमध्ये २०२३ च्या एका चाचणीत काही बदल दिसले. एकमत अजून झालेलं नाही.

पण ब्रिटनच्या त्या ५९६ बाळांनी एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती. नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांच्या आतड्यात टिकून राहिलेले जिवाणू आईच्या योनिमार्गातले नव्हतेच मुळी. ते आईच्या आतड्यातले होते. आता जरा स्पष्ट बोलतो, वयाचा तेवढा फायदा घेऊ द्या. दोन्ही मार्ग शेजारी शेजारी आहेत. कळा देताना बाळाच्या वाटेत जे येतं, जे सुईणी पुसून टाकत आल्या आणि ज्याचा उल्लेख कुणी केला नाही, त्यातूनच ही शिदोरी बाळाला मिळते. सोयर पाळणाऱ्या, सोवळ्या-ओवळ्याचा बारीक हिशेब ठेवणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट पचायला जड आहे. पण निसर्गाने आपल्याला विचारून ठरवलं नव्हतं.

हे तपासायला फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी धाडस केलं. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. सिझेरियन झालेल्या सात बाळांना, आईच्या शीचा अगदी थोडा, पातळ केलेला अंश आईच्याच दुधातून दिला. आधी १७ आयांची कसून तपासणी झाली, आणि त्यातल्या सातच योग्य ठरल्या, हे लक्षात घ्या. त्या सात बाळांमधली जिवाणूंची वस्ती झपाट्याने नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांसारखी झाली. संशोधकांनी सोबत स्पष्ट बजावलं, की घरी हे कुणीही करू नये. आम्हीही तेच बजावतो. सतरातल्या दहा आया का वगळाव्या लागतात, याचा विचार केला तर धोका समजेल.

तेव्हा दुसऱ्या विधानाचा निकाल असा : वाटेचा वाटा आहे, पण 'वाट' म्हणजे आपण समजत होतो ती नव्हे. आणि वाटेबरोबर चालणाऱ्या दूध, प्रतिजैविक, जवळीक या गोष्टींचाही वाटा आहे.

तिसरं विधान : त्यामुळे आजार होतात का?

इथे सर्वात जपून चालायचं. न्यायशास्त्रातलं दुसरं उदाहरण घेऊ. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे बरोबर. पण उलटं, 'जिथे अग्नी तिथे धूर' हे? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होतो? सरपण ओलं आहे म्हणून. या ओल्या सरपणाला आपले नैयायिक 'उपाधी' म्हणतात. संबंध दिसतो दोन गोष्टींत, पण तो उभा असतो तिसऱ्याच गोष्टीवर.

डेन्मार्कमध्ये १९७७ ते २०१२ या काळात जन्मलेल्या सुमारे १९ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या. सिझेरियनने जन्मलेल्यांमध्ये दमा आणि प्रतिकारशक्तीशी निगडित काही आजार किंचित जास्त आढळले. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तर दम्याचा धोका साधारण वीस टक्क्यांनी जास्त येतो. 'वीस टक्के' ऐकून छातीत धस्स होतं. पण हे वीस टक्के कशाचे? समजा, शंभर मुलांत दहांना दमा होत असेल, तर इथे तो बारांना होईल. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींना नाही.

आणि आता ओलं सरपण शोधा. सिझेरियन कुणाचं होतं? ज्या आईचं वजन फार आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, तिचं जास्त वेळा होतं. या गोष्टींचा मुलाच्या प्रकृतीवर स्वतंत्र परिणाम होतोच. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ९७ हजारांवर तरुणांची वजनं तपासली, तर सिझेरियनने जन्मलेल्यांमध्ये स्थूलपणा थोडा जास्त दिसला. पण आईचं गरोदरपणाआधीचं वजन हिशेबात घेतल्यावर तो फरक जवळजवळ विरघळून गेला. सरपण ओलं होतं.

दम्याच्या बाबतीत मात्र गोष्ट इतकी सहज विरघळत नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी ७०० मुलांना जन्मापासून सहा वर्षांपर्यंत तपासलं. सिझेरियनच्या मुलांपैकी ज्यांच्या आतड्यातली वस्ती एक वर्षाची होईपर्यंत सावरली, त्यांच्यात दम्याचा धोका वाढलेला दिसला नाही. ज्यांची वर्षभरातही सावरली नाही, त्यांच्यात दिसला. आम्हाला विचाराल तर आजच्या सगळ्या माहितीतली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही. जन्माचा दिवस हा निकालाचा दिवस नव्हे. त्यानंतर एक अख्खं वर्ष हातात असतं.

मग हातात काय आहे?

पहिलं, दूध. आईच्या दुधात काही विशिष्ट साखरी असतात. दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल दुधातला सर्वात मोठा घन भाग त्यांचा. नवल असं की बाळाला त्या पचतच नाहीत. मग आई इतकी शक्ती खर्चून त्या बनवते कुणासाठी? त्या दोन फाट्यांच्या जिवाणूसाठी, तिसिएंच्या बायफिडोबॅक्टेरियमसाठी. आई एकाच घोटात दोघांना जेवू घालते, बाळाला आणि बाळाच्या भाडेकरूंना. शिवाय दुधातून आणि आईच्या त्वचेवरून जिवाणू स्वतःही येतात. नेदरलँड्समध्ये १२० माय-लेकरांच्या जोड्यांवरचं संशोधन २०२३ मध्ये आलं. त्यात बाळाच्या जिवाणूंचा सुमारे ५८ टक्के हिस्सा आईकडून आलेला आढळला, प्रसूती कशीही होवो. सिझेरियनमध्ये आतड्यातून येणारी वाट आखडली, तर दुधाची वाट जास्त काम करते. एक दार लोटलं गेलं, तर आई दुसऱ्या दाराने देते.

म्हणून सिझेरियननंतर खरी धडपड करायची ती पहिल्या तासात बाळाला छातीशी घेण्याची आणि चीक पाजण्याची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पहिल्या तासात दूध आणि सहा महिने निव्वळ अंगावरचं. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, देशात पहिल्या तासात दूध मिळालेली बाळं ४१.८ टक्केच होती. टाके असलेल्या बाईला कुशीवर वळवून, उशा लावून, बाळ धरून ठेवायला कुणीतरी माणूस लागतं. ते माणूस म्हणजे तिथे बसून 'नॉर्मल का नाही झालं' विचारणाऱ्यांपैकीच एक का असू नये?

दुसरं, मधाचं बोट. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवायची रीत आहे. त्यावरून वाक्प्रचारही झाला. पण मधात क्वचित एका घातक जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात वस्ती भरलेली असल्यामुळे त्यांना रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्याच्या आतड्यात मोकळी जमीन असते. तिथे ते रुजून विष तयार करू शकतात आणि बाळ लुळं पडतं. म्हणून एक वर्षापर्यंत मध नाही, कितीही शुद्ध असला तरी. परंपरेचा मान राखायचाच असेल तर बोट आजीच्या तोंडात घाला. (हशा)

तिसरं, विनाकारण प्रतिजैविकं नकोत. गरज असेल तेव्हा ती जीव वाचवतात, पण सर्दीपडशाला मागून घेऊ नका.

चौथं, आणि हे समाजाने करायचं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्रात एकूण २५.४, गोव्यात ३९.५. एकाच देशातल्या बायकांची शरीरं दार बदललं की तिपटीने बदलत नाहीत. अवघड बाळंतपणं काही प्रमाणात खासगीकडे जात असतील, पण एवढ्याने हा फरक भरत नाही. त्यात मुहूर्त बघून तारीख मागणारी घरंही आहेत. गरज नसलेल्या सिझेरियनची किंमत मोजताना ही हरवलेली शिदोरीही धरली पाहिजे. आणि गरज असलेल्या सिझेरियनबद्दल बोलताना हे विसरता कामा नये, की वार खाली असेल, बाळ अडलं असेल, नाळ पुढे आली असेल, तर ती शस्त्रक्रिया नसती तर जिवाणूंचा प्रश्न विचारायला ना बाळ असतं ना आई.

श्रोत्यांचे प्रश्न

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.

'बाजारात मिळणारे प्रोबायोटिक थेंब द्यावेत का?' हा प्रश्न तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा. पुरावा काय, ते सांगतो. ओडिशाच्या खेड्यांत सुमारे साडेचार हजार निरोगी नवजात बाळांवर एक उत्तम चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस आणि त्याला पोसणारी साखर सात दिवस दिली. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. फार मोठी गोष्ट आहे. पण तो ठरावीक वाण होता, पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची बाळं होती. त्यावरून दुकानातली कुठलीही बाटली चालेल असं होत नाही, आणि दिवसांआधी जन्मलेल्या बाळांना तर हे विशेष जपून. 'एका घोड्याने शर्यत जिंकली' म्हणजे सगळे घोडे जिंकले असं नव्हे.

दुसरी चिठ्ठी निनावी आहे. 'माझी दोन्ही मुलं सिझेरियनची आहेत. मी त्यांना काही कमी दिलं का?'

बाई, तुम्ही जिथे बसला असाल तिथे ऐका. पहिल्या काही आठवड्यांत तुमच्या मुलांच्या आतड्यातली वस्ती शेजारच्या मुलांपेक्षा वेगळी असेल, बहुधा होतीच. त्यानंतर त्यांनी तुमचं दूध प्यायलं असेल, तुमच्या अंगावर झोपली असतील, मऊ भात खाल्ला असेल, मातीत लोळली असतील, आणि ती वस्ती बदलत गेली असेल. सरासरीत उरतो तो लहानसा धोका. तो लोकसंख्येचा आकडा आहे, तुमच्या मुलांचं भाकीत नव्हे. आणि दोष म्हणाल, तर दोष तिथेच लागतो जिथे दुसरा मार्ग हातात होता आणि तो जाणूनबुजून टाळला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या बाईच्या हातात कुठला मार्ग होता?

जाता जाता भाषेबद्दल एक. 'नॉर्मल' हा शब्द आपण किती सहज वापरतो. एक नॉर्मल, म्हणजे दुसरं आपोआप बिघडलेलं. आपल्या जुन्या बायका बाळंतपणाची बातमी सांगताना म्हणायच्या, 'सुखरूप सुटका झाली.' त्यात कुठल्या वाटेने हे विचारलेलंच नसायचं. तो शब्द आपण परत वापरात आणायला हरकत नाही.

पुढच्या व्याख्यानात 'सरासरी माणूस' या कल्पनेकडे वळू. आजच्या आकड्यांचा धागा तिथे पुढे न्यायचा आहे. तोवर, कुणाकडे बाळ बघायला गेलात तर टाक्यांची चौकशी करा, उशी पुढे करा, आणि मधाची बाटली घरी ठेवा.